मारकडवाडीची एकच बातमी, पण दोन मोबाईलवर दोन कशी? आपल्या मताची बातमी आपण का निवडतो?

डिसेंबर 2024. सोलापूर जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातलं मारकडवाडी हे गाव अचानक देशभर गाजायला लागलं. कारण काय, तर गावकऱ्यांनी ठरवलं की आपण पुन्हा मतदान घ्यायचं, तेही मतपत्रिकेवर, आणि आपल्याच खर्चानं.

झालं असं होतं की 23 नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला. माळशिरसमधून शरद पवार गटाचे उत्तम जानकर 13,147 मतांनी निवडून आले. पण मारकडवाडीत मात्र भाजपचे राम सातपुते यांना 1003 आणि जानकरांना 843 मतं दाखवली गेली. जानकर समर्थकांचं म्हणणं, आमचं गाव असं मतदान करूच शकत नाही, मशीनमध्ये घोळ आहे. म्हणून 3 डिसेंबरला मतपत्रिकेवर चाचणी मतदान ठेवलं. प्रशासनानं जमावबंदी लावली, कायद्यात अशा मतदानाची तरतूद नाही असं सांगितलं, मोठा बंदोबस्त आला आणि मतदान झालं नाही. पुढं जानकर आणि गावकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. 8 डिसेंबरला शरद पवार गावात आले. त्यानंतर दोन दिवसांनी भाजपच्या बाजूनंही त्याच गावात सभा झाली.

आता आठवून बघा, त्या आठवड्यात तुम्ही कोणता व्हिडिओ उघडला होता? "गावाला मतदान करू दिलं नाही" हा, की "जिंकलेला आमदारच मशीनवर संशय घेतो" हा?

बातमी तीच होती. 1003 आणि 843 हे आकडेही दोन्हीकडे तेच. गंमत म्हणजे जानकर जिंकले होते, ही एकच गोष्ट दोन्ही बाजूंना पुरावा म्हणून चालली. एक बाजू म्हणाली, "मशीनमध्ये घोळ असता तर हे निवडून आलेच कसे?" दुसरी म्हणाली, "जिंकूनही तक्रार करतायत, म्हणजे स्वार्थ नाही, काहीतरी खरंच आहे."

याला म्हणतात काय?

इथं दोन गोष्टी एकत्र चालतात. पहिली, आपल्या मताशी जुळणारी बातमी जास्त उघडणं. दुसरी, समोर आलेल्या बातमीचा अर्थ आपल्या मताच्या बाजूनं लावणं. या दुसऱ्या सवयीला मानसशास्त्रात कन्फर्मेशन बायस म्हणतात, म्हणजे आधी ठरलेल्या मताला दुजोरा शोधत राहणं.

पहिल्या गोष्टीची नोंद मोबाईल यायच्या कितीतरी आधीची आहे. 1940 च्या अमेरिकन निवडणुकीत पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातल्या एका काउंटीत त्याच त्याच मतदारांना मे ते नोव्हेंबर पुन्हा पुन्हा भेटून प्रश्न विचारले. तेव्हा होते फक्त रेडिओ आणि वर्तमानपत्र. तरीही दिसलं ते हेच की लोकांच्या कानावर प्रचार जास्त पडत होता तो आपल्याच उमेदवाराचा.

2009 मध्ये अमेरिकेतच संगणकावर हे मोजलं गेलं. वादग्रस्त विषयांवरचे दोन्ही बाजूंचे लेख समोर ठेवले आणि कोण कशावर किती वेळ थांबतो ते नोंदवलं. आपल्या मताच्या लेखांवर लोकांनी 36 टक्के जास्त वेळ घालवला. पण विरुद्ध बाजूचं त्यांनी वाचलंच नाही, असं नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण "लोक दुसरी बाजू बघतच नाहीत" असं आपण सहज म्हणून जातो. बघतात. बघून तिच्यातल्या चुका काढतात.

चुका काढायच्या, पण कुणाच्या?

या विषयावरचा सगळ्यात बोलका प्रयोग 1979 चा, स्टॅनफर्ड विद्यापीठातला. 48 विद्यार्थी घेतले. निम्मे फाशीच्या शिक्षेच्या बाजूचे, निम्मे विरोधातले. सगळ्यांना दोन अभ्यास वाचायला दिले. एकाचा निष्कर्ष होता की फाशीमुळं खून कमी होतात, दुसऱ्याचा नेमका उलटा. दोन्ही अभ्यास संशोधकांनी स्वतःच रचलेले होते आणि कोणती पद्धत कोणत्या निष्कर्षाला जोडायची तेही ते बदलत होते.

झालं काय? आपल्या मताचा अभ्यास प्रत्येकाला नीट केलेला वाटला आणि विरुद्ध मताच्या अभ्यासात त्रुटी सापडल्या. दोन्ही बाजूंचे पुरावे वाचून मधोमध येण्याऐवजी दोन्ही गट म्हणाले की आमचं मत आता आणखी पक्कं झालं.

थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञानं याचं कारण फार सोप्या शब्दांत सांगितलंय. सोयीची बातमी आली की आपण मनात विचारतो, "हे मानता येईल का?" मग एक आधार सापडला तरी पुरतो. गैरसोयीची आली की विचारतो, "हे मानावंच लागेल का?" मग एक फट सापडली तरी सुटका होते. मारकडवाडीच्या वेळी कमेंटमध्ये "सोर्स काय?" हा प्रश्न बहुतेकांनी समोरच्यालाच विचारला असणार.

ही सवय सोशल मीडियाची देणगी आहे का?

अजिबात नाही. महाराष्ट्रात मत आणि पेपर यांची जोडी जुनी आहे. सत्यशोधक विचारांचं 'दीनबंधु' 1877 चं, टिळकांचा 'केसरी' 1881 चा, आणि शिवसेनेचा 'सामना' 1988 चा. घरी कोणता पेपर पडतो यावरून पाहुणा राजकारण ओळखायचा.

आणि प्रत्येक वेळी हा आळसच असतो असंही नाही. 31 जानेवारी 1920 ला डॉ. आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'नं छापली नव्हती. ज्या पेपरात आपल्याला जागाच नाही, त्याच्यावर वाचकानं विश्वास का ठेवावा? विश्वासाचा पेपर निवडणं यात गैर काही नाही. अडचण पुढं येते, एकदा विश्वास बसला की तपासणं थांबतं तेव्हा.

व्हॉट्सअॅपनं यात एक भर घातली, माणसांची. गावाकडच्या ग्रुपवर काका, मेव्हणा, शाळेतले मित्र, सोसायटीचे चेअरमन असे सगळे असतात. तिथं ग्रुपच्या मताविरुद्ध बातमी टाकली तर पुढच्या लग्नात टोमणा ठरलेला. जुळणारी टाकली की अंगठे आणि हात जोडलेले. अशा वेळी बातमी खरी आहे का, यापेक्षा आपण कुणाचे, हे दाखवणं जास्त कामाचं ठरतं. माझ्या मते याबाबतीत अल्गोरिदमला जरा जास्तच शिव्या बसतात. 2020 च्या अमेरिकन निवडणुकीच्या काळात फेसबुकच्या 23 हजारांहून अधिक वापरकर्त्यांच्या फीडमधला आपल्याच मताचा मजकूर सुमारे एक तृतीयांशानं कमी केला गेला. त्यांच्या राजकीय मतांत मोजता येण्याजोगा फरक पडला नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मजकूर निवडणारा असा अल्गोरिदम नसतोच. तिथं बातमी ढकलणारे आपणच.

मग मत बदलतच नाही का?

बदलतं, पण टिकत नाही. सप्टेंबर 2020 मध्ये दोन अमेरिकन संशोधकांनी फॉक्स न्यूजच्या नेहमीच्या प्रेक्षकांना तासाला 15 डॉलर देऊन महिनाभर सीएनएन बघायला लावलं. आठवड्याला सात तासांपर्यंत. त्यांना नव्या गोष्टी कळल्या, काही मतंही हलली. पैसे थांबले, लोक पुन्हा फॉक्सकडं गेले आणि बराचसा परिणाम विरून गेला.

मारकडवाडीत तर पुराव्याचाच प्रश्न अवघड होता. निकालानंतर दहा दिवसांनी, कॅमेऱ्यांसमोर, एकाच बाजूनं बोलावलेलं मतदान झालं असतं तरी त्यातून 20 नोव्हेंबरला कुणी काय दाबलं ते सिद्ध झालं नसतं. आणि प्रशासनानं ते थांबवलं यावरून घोळ झाला असंही सिद्ध होत नाही. नियमातली तपासणी वेगळी आहे. प्रत्येक मतदारसंघात पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजून मशीनशी ताडतात. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या 26 एप्रिल 2024 च्या निकालानुसार पाच टक्के मशीनच्या तपासणीची मागणी करता येते, पण ती दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला, निकालानंतर सात दिवसांत. जानकर पहिले आले होते. म्हणजे ज्यांना शंका होती त्यांच्या उमेदवाराला ती वाट नव्हतीच, आणि ज्यांना वाट होती त्यांना त्या गावाबद्दल शंका नव्हती.

1984 मध्ये फाशीचा तोच प्रयोग पुन्हा केला गेला. काहींना सांगितलं, "न्यायाधीशासारखे निःपक्ष राहा." त्याचा उपयोग झाला नाही. काहींना सांगितलं, "हाच अभ्यास उलटा निष्कर्ष देत असता तर तुम्ही त्याला असंच तोललं असतं का, याचा विचार करा." या गटाचा झुकाव बराच कमी झाला.

तेच मारकडवाडीला लावून बघा. समजा जानकरांना 1003 आणि सातपुतेंना 843 मतं पडली असती, आणि मतपत्रिका सातपुतेंच्या समर्थकांनी छापल्या असत्या. पोलीस तेवढेच, जमावबंदीही तीच. तुम्ही कोणता व्हिडिओ उघडला असता, आणि कोणत्या ग्रुपवर टाकला असता?