संत जोसेफ : कष्टकरी सुतार आणि पालकपिता

सण : १९ मार्च, श्रमिक संत जोसेफ यांचे स्मरण : १ मे

दाविदाच्या वंशातील संत जोसेफ हे नाझरेथ येथील सुतार होते. शुभवर्तमानांत त्यांचा एकही शब्द नमूद नाही. आढळते ती केवळ त्यांची कृती.

वाग्दत्त वधू मरिया गर्भवती असल्याचे समजताच तिची बेअब्रू होऊ नये म्हणून त्यांनी तिला गुपचूप सोडण्याचे ठरविले. मात्र देवदूताने स्वप्नात आज्ञा करताच त्यांनी तिचा पत्नी म्हणून स्वीकार केला व बाळाचे नाव 'येशू' ठेवले (मत्तय १:१८-२५). नाव ठेवून त्यांनी त्या बालकाचे पितृत्व पत्करले. मंदिरात गरिबांचे अर्पण वाहिले (लूक २:२४) आणि हेरोदापासून बाळाचा जीव वाचविण्यासाठी इजिप्त देशात आश्रय घेतला.

नाझरेथला लोक येशूला 'सुताराचा पुत्र' म्हणत (मत्तय १३:५५) आणि 'सुतार' असेही (मार्क ६:३). नावाप्रमाणेच हातातील कसबही पुत्राला पित्याकडूनच लाभले.

पोप पायस नववे यांनी १८७० साली संत जोसेफ यांना विश्वव्यापी ख्रिस्तसभेचे आश्रयदाते घोषित केले. पोप पायस बारावे यांनी १९५५ साली १ मे हा दिवस श्रमिक संत जोसेफ यांना वाहिला. पोप फ्रान्सिस यांनी ८ डिसेंबर २०२० रोजी 'पात्रिस कोर्दे' या पत्राद्वारे संत जोसेफ वर्षाचा आरंभ केला. केवळ जन्म दिल्याने नव्हे, तर बालकाची जबाबदारी स्वीकारल्याने मनुष्य पिता होतो, अशी शिकवण त्यात आहे. दत्तक बालकांना मायेने वाढविणारे मातापिता आज हाच वसा चालवीत आहेत.