हेडखालचं पॅकिंग

गाळप हंगामात इंदापूर-अकलूज रस्त्यावर बावड्याजवळ उसाच्या वाहनांची रांग लागते. पण या गाड्यांची खरी परीक्षा डांबरी रस्त्यावर होत नाही. ती होते शेतातून बाहेर पडताना. ओलं रान, पहिला गिअर, पूर्ण भार आणि माणसाच्या चालीचा वेग. इंजिन जिवाच्या आकांतानं ओढत असतं आणि रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही. गाडी तापते. मग रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे दिसतात, ऑइल दुधाळ होतं, आणि मिस्त्री इंजिन उघडायच्या आधीच सांगतो, ‘हेड पॅकिंग गेलं.’

या पट्ट्यातल्या अनेक शेतकरी घरांची या पॅकिंगशी ओळख ट्रकमुळे झाली नाही, ती विहिरीवर झाली. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी 1946 साली पुण्यात उभी राहिली आणि तिची पाच हॉर्सपॉवरची एका सिलिंडरची इंजिनं मोटेची जागा घेत गेली. हेड आणि सिलिंडर यांच्यामध्ये तांब्याची चकती असे, तेच हे पॅकिंग. एकदा दाबली गेली, की ती कडक होते. मिस्त्री ती लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकत. तांबं पुन्हा मऊ पडे आणि तीच चकती परत बसे. धातूशास्त्राचं पुस्तक न उघडता हे ज्ञान गावोगाव पोहोचलं होतं, याचं मोल कमी लेखू नये.

ट्रकची गोष्टही याच तालुक्याला जवळची आहे. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवणाऱ्या वालचंद हिराचंद यांनीच 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. क्रायस्लरच्या सहकार्यानं कुर्ल्यात डॉज आणि फार्गो ट्रक जोडले जाऊ लागले. 1954 मध्ये टेल्कोनं डाइमलर-बेंझशी करार केला आणि डिझेल ट्रक देशभर रुजला. 1986 मध्ये पुण्याहून टाटा 407 आली. 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्यानं भीमाकाठी ऊस वाढवला, तसं या गाड्यांना हंगामभराचं काम मिळालं.

या जुन्या इंजिनांमध्ये टर्बो नव्हता. टाटाच्या 697 इंजिनाच्या नावातच त्याचं माप आहे: 6 सिलिंडर, 97 मिलिमीटर बोअर. अशा एका सिलिंडरचं तोंड साधारण 74 चौरस सेंटिमीटरचं. दर चौरस सेंटिमीटरला 80 किलो दाब धरला, तर प्रत्येक स्फोटाला हेड वर ढकलणारा जोर जवळपास 6 टन होतो. टर्बोनं जास्त हवा कोंबून तोच दाब 140 वर नेला, की जोर 10 टनांच्या पुढे जातो. इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत असेल, तर हा धक्का प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला 1000 वेळा बसतो.

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी टर्बोच्या कल्पनेचं पेटंट 1905 मध्येच घेतलं होतं. आपल्याकडच्या रोजच्या ट्रकमध्ये तो सर्रास आला तो मात्र धुराचे नियम कडक होत गेले तेव्हा. 2000 सालापासून सुरू झालेली ही वाट एप्रिल 2020 मध्ये बीएस-सहापर्यंत पोहोचली.

तांब्याच्या पत्र्यांमध्ये ॲस्बेस्टॉस असलेलं जुनं पॅकिंग मोठं क्षमाशील होतं. हेडवर थोडे ओरखडे असले तरी ते दबून जागा भरून काढी. काही मिस्त्री वर शेलॅकचा हात देत. गाडी दोन फेऱ्या करून आली, की हेड पुन्हा आवळत. जुनं पॅकिंग खरवडताना उडणारी ॲस्बेस्टॉसची धूळ मात्र कित्येकांच्या छातीत गेली. ती नुसत्या फडक्यानं तोंड झाकून थांबणारी नव्हती.

आता टर्बो इंजिनासाठी पोलादी पत्र्यांचे थर असलेलं पॅकिंग येतं. ते जास्त दाब झेलतं, पण खडबडीत पृष्ठभाग चालवून घेत नाही. महागडं पॅकिंग आणून जुन्याच ओरखड्यांवर बसवलं, तर ते स्वस्त पॅकिंगइतकंही टिकणार नाही. आधी हेडला आणि गरज पडली तर ब्लॉकला फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून घेणं, मगच बाकी सगळं.

बोल्टचंही तसंच. आवळलेला बोल्ट ताणलेल्या स्प्रिंगसारखा असतो आणि त्याच ताणानं हेड दाबून धरलेलं असतं. पण पान्यावर लावलेल्या जोराचा सुमारे दहावा भागच ताणात उतरतो. बाकीचा आट्यांच्या आणि बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो. आट्यांत गंज किंवा घाण असेल, तर टॉर्क पाना बरोबर आकडा दाखवतो आणि बोल्ट सैलच राहतो. म्हणून आधी टॅप फिरवून आटे साफ करायचे आणि सांगितलेलंच ऑइल लावायचं. नव्या इंजिनांत ठरावीक टॉर्कनंतर बोल्ट अंशांत मोजून आणखी फिरवतात. असे बोल्ट कायमचे ताणले जातात, त्यामुळे पुष्कळदा ते पुन्हा वापरायचे नसतात. डोक्यावर 10.9 हा ताकदीचा आकडा असलेल्या बोल्टच्या जागी 12.9 चा बोल्ट घातला म्हणजे काम झालं, असंही नाही. ब्लॉकचे आटे जुनेच असतात. स्टड बसवला तर तो ब्लॉकमध्ये हातानंच घट्ट होतो, आवळला जातो वरचा नट, आणि ब्लॉकच्या आट्यांची झीज कमी होते.

मनगटाच्या अंदाजानं हेड आवळणारे मिस्त्री चुकत नव्हते. 6 टनांच्या जोराला तो अंदाज पुरत होता. 10 टनांना पुरत नाही.

हंगाम संपून उन्हाळा लागला, की मालकाला हेड उतरवायला सवड मिळते. मिस्त्री हेडवर सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवतो आणि तिच्याखाली फिलर गेजची 0.05 मिलिमीटरची पात सरकवून पाहतो. ती कुठेही आत शिरली, तर नवं पॅकिंग खोक्यातच राहतं आणि हेड फेसिंगला जातं.