शिलिंगांत मोजलेला अभ्यासक्रम

दोन शिलिंग आठ पेन्स. १८६२ नंतर इंग्लंडातल्या गरिबांच्या शाळेत परीक्षेच्या दिवशी एखाद्या पोराला धडा वाचता आला नाही, तर शाळेच्या अनुदानातून एवढी रक्कम कापली जाई. लिहिता आले नाही तर आणखी तेवढीच, गणित चुकले तर पुन्हा तेवढीच. तिन्हींत गटांगळ्या खाल्ल्या की त्या पोरामागचे आठ शिलिंग बुडाले. इतिहास-भूगोलाच्या नावावर मात्र एक पेनीही मांडलेली नव्हती. ते आले काय, न आले काय, शाळेच्या तिजोरीला फरक पडत नव्हता.

‘निकाल तसे अनुदान’ या योजनेचा कर्ता होता रॉबर्ट लो, तेव्हाचा शिक्षण समितीचा उपाध्यक्ष. १८३३ मध्ये २० हजार पौंडांनी सुरू झालेले सरकारी अनुदान १८६१ पर्यंत आठ लाखांवर गेले होते. त्यातच गरिबांच्या शाळांच्या पाहणीसाठी नेमलेल्या न्यूकॅसल आयोगाने अहवाल दिला की, मास्तर वरच्या वर्गातल्या मोजक्या हुशार मुलांवर राबतात आणि धाकट्यांना साधे वाचताही येत नाही. तक्रार खोटी नव्हती, हे लोच्या बाजूने म्हणायलाच हवे. नवी पद्धत स्वस्त पडली नाही तर परिणामकारक ठरेल आणि परिणामकारक ठरली नाही तर स्वस्त तरी पडेल, असे त्याने पार्लमेंटला बजावले. १८६५ पर्यंत अनुदान ६ लाख ३७ हजारांवर आले. स्वस्ताईचे वचन तरी पाळले गेले.

अभ्यासाच्या सहा इयत्ता ठरल्या. पहिलीतल्या मुलाने एकाच उच्चारखंडाच्या शब्दांचा मजकूर वाचायचा, पाटीवर अक्षरे काढायची, वीसपर्यंतचे आकडे ओळखायचे. सहावीत वर्तमानपत्रातला छोटा उतारा आणि दुकानाच्या बिलाचा हिशेब. वर्षातून एकदा सरकारी इन्स्पेक्टर येई आणि एकेका मुलाला उभे करून तपासत जाई. शाळा तपासायला दिपोटी येणार म्हटल्यावर शाळा सारवून, पोरांना न्हाऊमाखू घालून आणवणारे आपल्याकडचे मास्तर आठवले, की त्या दिवसाची कल्पना येते. फरक इतकाच की, तिथल्या पुष्कळ मास्तरांचा पगार त्याच दिवसावर लोंबकळत असे.

मग पळवाट निघाली. वाचनाची परीक्षा शाळेत लावलेल्या पुस्तकातूनच होई. तेव्हा वर्षभर तेच एक पुस्तक घोकून घ्यायचे! पुस्तक उलटे धरूनही घडाघडा ‘वाचणाऱ्या’ मुलांचे किस्से त्या काळी सांगितले जात. कवी मॅथ्यू अरनॉल्ड १८५१ पासून शाळा-इन्स्पेक्टर होता. पोटासाठी ही नोकरी करताना त्याने हा खेळ जवळून पाहिला. वाचता, लिहिता, हिशेब करता न येणारी मुलेही या परीक्षेतून पार करता येतात, असे त्याने वरिष्ठांना आपल्या अहवालांतूनच कळवले. शिक्षक आणि इन्स्पेक्टर यांच्यात ही एक यांत्रिक झुंज होणार आणि शिक्षक ती जिंकायला शिकणारच, असा त्याचा होरा होता.

ओसाड पडलेले विषय परत आणायचे कसे? उत्तर सरकारी थाटाचे निघाले: त्यांनाही भाव लावा. १८६७ पासून इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्यासाठी जादा अनुदान आले. पुढे बीजगणित, लॅटिन, वनस्पतिशास्त्र, गृहव्यवस्था अशी ऐच्छिक विषयांची यादी वाढली. पण रोग वाचनाला जडला होता तोच भूगोलाला जडला. नद्या, भूशिरे, राजधान्या यांच्या याद्या पाठ व्हायच्या. नकाशा पाहायची हौस कुणाला लागावी, अशी सोय त्यात नव्हती. निवृत्त मुख्य इन्स्पेक्टर एडमंड होम्स याने १९११ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात या पद्धतीच्या तीस-पस्तीस वर्षांचा समाचार घेतला. मुलांइतकेच नुकसान शिक्षकांचे झाले, त्यांची स्वतः विचार करण्याची सवयच मोडली, असा त्याचा आरोप.

हीच रीत जहाजात बसून हिंदुस्थानातही आली. मुंबई इलाख्यात खासगी शाळांची मदत परीक्षेच्या निकालावर बेतली जाऊ लागली. १८८२ मध्ये इथल्या शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले, त्यात या पद्धतीवर नेमके बोट ठेवले आहे. ज्यांच्यात शिक्षणाची गोडीच अजून निर्माण झालेली नाही, त्यांच्या वस्तीत निकालाच्या भरवशावर शाळा कोण काढील? त्यावर त्याचे पोट कसे भरेल? अरनॉल्डला काळजी होती ती शाळेत काय शिकवले जाईल याची. जोतीरावांना दिसत होते की, शूद्रातिशूद्रांच्या मुलांसाठी शाळाच उघडणार नाही. त्यांनी सुचवलेला अभ्यासक्रमही तीन विषयांवर थांबणारा नव्हता: मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य. तपासणीही वर्षाकाठी एकदा वाजतगाजत नको. तीन महिन्यांनी तरी व्हावी आणि एरवी वर्दी न देता शाळेत जावे, हाही त्यांचाच आग्रह.

आयोगाने ऐकले नाही. प्राथमिक शाळांची मदत बरीचशी निकालावरच ठरावी, अशी शिफारस त्याने केली. इंग्लंडने १८९० च्या नव्या नियमावलीने ही पद्धत मोडीत काढायला सुरुवात केली. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला जोतीराव पुण्यात वारले. परीक्षांनी शिकवण्यावर कब्जा केल्याची कबुली हिंदुस्थान सरकारच्या ठरावात उमटायला १९०४ साल उजाडावे लागले.