लाल हाडांची कुळकथा

शिरूर-दौंडकडे शेळ्यामेंढ्यांना जंताचं औषध पाजताना आधी विचारावं लागतं: गाभण आहे का, आणि किती दिवसांची? अल्बेंडाझोल पहिला महिनाभर टाळतात, कारण त्याच दिवसांत पोटातल्या पिलाचे पाय आकार घेतात. औषधाने हाडं बिघडतात की नाही हे तपासण्याची रीत मात्र कापड छापणाऱ्याच्या घरी जन्मली, असं मी ठामपणे म्हणतो.

लंडनचा शस्त्रवैद्य जॉन बेल्चियर एका छीट छापणाऱ्याकडे जेवायला गेला होता. ताटात डुकराचं मांस होतं, मांस नेहमीसारखं आणि हाडं मात्र लाल! छापलेलं कापड कोंड्याबरोबर उकळून जादा रंग काढत आणि तोच कोंडा डुकरांना घालत. रंग होता मंजिष्ठेच्या युरोपीय भावंडाचा. त्यातलं अलिझरिन कॅल्शियमला चिकटतं, म्हणून नव्याने घडणाऱ्या हाडावर चढतं. बेल्चियरने हे 1736 साली प्रसिद्ध केलं.

काही जण पहिला मान फ्रान्सच्या मिझोला देतात. त्याने सोळाव्या शतकातच अशी लाल हाडं नोंदवली होती, हे खरं. पण ती नोंद तशीच पडून राहिली. बेल्चियरनंतर मात्र फ्रेंच संशोधक दुहामेलने जनावरांना हा रंग मध्ये खंड पाडून खाऊ घातला आणि हाडात लाल-पांढरे थर पाहिले. हाड वाढतं कसं, हे तिथे दिसलं. आणि युरोपला छिटाचं वेड लावलं कुणी? आपल्या कोरोमंडल किनाऱ्याने, जिथे चायमूळ नावाच्या मुळातल्या अलिझरिननेच कापड लाल होई. त्या ताटातल्या हाडाची वाट मच्छलीपट्टणवरून जाते, हा माझा तर्क आहे आणि तो मी सोडणार नाही.

1868 मध्ये अलिझरिन प्रयोगशाळेत तयार झालं. औषधांनी गर्भाची हाडं बिघडतात का, हे तपासण्याची निकड मात्र पुढे पटली: 1961 मध्ये थॅलिडोमाइड हे औषध बाजारातून काढून घ्यावं लागलं. त्याने पोटातल्या हजारो बाळांचे हातपाय खुंटले होते. उंदरांनी ते पचवलं, सशांच्या पिलांत मात्र व्यंग उमटलं. म्हणून आता नवं औषध सहसा दोन्हींवर तपासतात.

या तपासणीत गाभण उंदरीण विसाव्या दिवसाच्या सुमारास उघडतात. पिलं पोटॅशच्या पाण्यात ठेवली की मांस काचेसारखं पारदर्शक होतं आणि अलिझरिनने मांडीचं हाड लाल काडीसारखं उठून दिसतं. जोडीला अल्शियन निळा हा रंग घातला तर कूर्चा, म्हणजे हाडाचा साचा, निळी दिसते. लाल कमी पण निळा साचा नीट असेल, तर हाड फक्त मागे पडलंय, बहुधा जन्मानंतर भरून निघेल. साचाच वाकडा किंवा तुटका असेल, तर ते व्यंग आहे.