सुरुंगाच्या सामानाचा प्रवास

हिंगोली जिल्ह्यातील कयाधू नदीकाठचे नरसी नामदेव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने ओळखले जाते; या परिसरातील शेती काळ्या पाषाणाखालच्या पाण्यावर अवलंबून असल्याने विहिरी खोदाव्या लागल्या आणि त्यांसाठी सुरुंग, म्हणजे खडकातील छिद्रात भरून उडवायची स्फोटके, रस्त्याने आणावी लागली. 1884 चा स्फोटक कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा होता, तर हिंगोली 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते, त्यामुळे या वाहतुकीला तो आपोआप लागू नव्हता. नोबेलने 1867 मध्ये पेटंट घेतलेल्या डायनामाइटमधील नायट्रोग्लिसरीन धक्क्याला संवेदनशील असते, त्यामुळे खाचखळग्यांच्या रस्त्यावर धोका असे. पुढे पाणीमिश्रित स्लरी व इमल्शन स्फोटके आल्यावर हा धोका बराच घटला, पण डिटोनेटर, म्हणजे मुख्य स्फोटकाला चेतवणारी छोटी नळी, आघात, उष्णता व ठिणगीला संवेदनशीलच राहिला. म्हणूनच स्फोटक आणि डिटोनेटर एकत्र न ठेवणे हे वाहतुकीचे मूळ तत्त्व ठरले, आणि 2008 च्या स्फोटक नियमांनी परवानाधारक, मंजूर रचनेच्या गाडीची अट घातली. ही अट रास्त असली, तरी तिची खरी कसोटी महामार्गावर नव्हे, तर पक्की सडक संपून मळ्याची पाणंद लागते तेथे होते, कारण तेथून पुढे विहिरीपर्यंत जातो तो बहुधा खडकात छिद्रे पाडण्यासाठी कॉम्प्रेसर बसवलेला ट्रॅक्टर, मंजूर रचनेची गाडी नव्हे.