कुपींतलें तेल आणि नावेंतलें पेट्रोल

शहाण्या कुमारींनीं दिव्यांबरोबर कुपींत तेलहि घेतलें, हा प्रभूचा दृष्टान्त आपणां सर्वांस परिचित आहे. इंधन बाळगण्याचा अर्वाचीन इतिहासहि याच शहाणपणाची साक्ष देतो.

आपली वडवणी समुद्रापासून दूर. परंतु बीड जिल्ह्यांतच सिंदफणेवर माजलगांवचें विस्तीर्ण धरण आहे, आणि वसई-उत्तनच्या किनाऱ्यावर आपले ख्रिस्ती कोळी बांधव पिढ्यान् पिढ्या नावा हांकीत आले आहेत. नावेच्या पाठीशीं टांगावयाचें यंत्र ओले एव्हिनरूड यांनीं अमेरिकेंत 1909 च्या सुमारास विक्रीस आणलें. शिडाचा वारा सांठवावा लागत नसे. पेट्रोल मात्र सांठवावें लागतें. त्याची वाफ हवेहून जड असल्यानें नावेच्या तळाशीं सांचते व एका ठिणगीनें भडकते. म्हणून सुटी टांकी किनाऱ्यावर उतरवून भरावी, इंधन गाळून घ्यावें, विडी व चूल दूर ठेवावी.

हिंदुस्थानांत 1934 सालीं पेट्रोलियमचा कायदा झाला. त्यांत पुढें लिटरचें माप आलें, तेव्हां विक्रीसाठीं नसलेल्या पेट्रोलास परवान्यावांचून 30 लिटरची मर्यादा राहिली. त्यांतहि कांचेच्या वा चिनी मातीच्या भांड्यांत 1 लिटर व धातूच्या भांड्यांत 25 लिटर, याहून अधिक नको.

विहिरीवरील पंपासाठीं घरांत डबा ठेवणाऱ्या शेतकऱ्यासहि हाच नियम हितकर आहे. मूर्ख कुमारींजवळ तेल नव्हतें. आमच्याजवळ तें असतें, परंतु सावधपण नसतें. महोत्सवाच्या या वर्षीं दिवा आणि घर, दोन्ही राखण्याची सुबुद्धि प्रभु आम्हांस देवो.