आझाद दस्ता : धान्यकोठीतून उभा राहिला, सिद्धगडच्या रानात संपला

मुरबाड : दरवर्षी २ जानेवारीला मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या पायथ्याशी माणसं जमतात. हुतात्मा भाई कोतवाल आणि हुतात्मा हिराजी पाटील यांच्या स्मारकाला फुलं वाहिली जातात, भाषणं होतात. हे दोघे इंग्रजांच्या गोळीला बळी पडले एवढं शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. पण त्यांचा आझाद दस्ता कसा उभा राहिला, काही महिने सरकारच्या हाती का लागला नाही आणि शेवटी का मोडला, हे फारसं सांगितलं जात नाही.

कोण होते भाई कोतवाल?

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. शिकून ते वकील झाले. माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षही झाले. मुंबईत वकिली करून सुखात राहणं त्यांना जमलं असतं. पण त्यांनी कर्जत भागातल्या खेड्यांत काम सुरू केलं.

भातशेतीच्या या पट्ट्यात आषाढ-श्रावण म्हणजे कठीण दिवस. घरातलं भात संपलेलं, नवं पीक शेतात. अशा वेळी कुळं आणि आदिवासी सावकाराच्या दारात खावटी मागायला जायचे. पावसाळ्यात नेलेलं भात सुगीला चढ्या हिशेबाने परत करायचं, की पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. कोतवालांनी यावर धान्यकोठ्या काढल्या. गावाचं भात गावातच साठवायचं आणि गरजवंताला रास्त दराने द्यायचं. जोडीला गावोगावी शाळा सुरू केल्या. समाजवादी विचाराचा हा वकील अशा रीतीने लोकांचा ‘भाई’ झाला.

१९४२ : भूमिगत

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. ९ तारखेला पहाटेपासून मोठे पुढारी पकडले गेले. जे बाहेर राहिले त्यांनी भूमिगत राहून लढाई चालवली. देशपातळीवर अरुणा असफअली, अच्युतराव पटवर्धन यांच्यासारखे समाजवादी पुढे होते. कोतवालांवरही वॉरंट निघालं आणि ते रानात उतरले. त्यांच्याभोवती शेतकरी, शिक्षक आणि खेड्यातली तरुण पोरं गोळा झाली. हाच आझाद दस्ता. पुढे १९४३ मध्ये जयप्रकाश नारायण यांनी नेपाळच्या तराईत याच नावाचा दस्ता उभारला. पण भाईंचा दस्ता त्याआधीचा.

लक्ष्य : विजेचे मनोरे

भिवपुरी, खोपोली आणि भिरा इथल्या टाटांच्या जलविद्युत केंद्रांतून मुंबईला वीज जायची. मुंबईच्या गिरण्या आणि रेल्वे तिच्यावर चालायच्या, आणि त्या काळी गिरण्या-रेल्वे म्हणजे युद्धाचा माल. तारा मात्र याच डोंगर-पाड्यांवरून जायच्या. तारेखालच्या घरात रॉकेलची चिमणी आणि तारेतून मुंबईचा उजेड, अशी गत होती.

दस्त्याने नेमकं तेच हेरलं. रात्री जाऊन मनोऱ्यांचे लोखंडी पाय कापायचे आणि मनोरा आडवा करायचा. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात ११ मनोरे पाडल्याची नोंद आहे. काही गिरण्या आणि रेल्वे त्यामुळे अडल्या. सरकारने कोतवालांवर इनाम लावलं आणि खास अधिकारी मागावर घातले.

इतके दिवस सापडले का नाहीत?

एक कारण भूगोलाचं. माथेरान-कर्जत तेव्हा कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात होतं आणि मुरबाड ठाण्यात. सह्याद्रीची भिंत मात्र कर्जतहून मुरबाड, पुढे शहापूरपर्यंत सलग. रानवाटा जाणणाऱ्याला जिल्ह्याची हद्द आडवी येत नाही.

दुसरं कारण त्याहून मोठं. रानात राहणाऱ्याला रोज भाकरी लागते, आणि ती गावातूनच येते. धान्यकोठीने ज्यांची चूल पेटती ठेवली, त्यांनी या पोरांना जेवण दिलं, निरोप पोचवले आणि तोंडं बंद ठेवली. इनामाची रक्कम ऐकूनही बहुतेकांनी तोंड उघडलं नाही.

२ जानेवारी १९४३

कर्जतकडे पोलिसांचा दाब वाढला तसा दस्ता मुरबाडच्या बाजूला सिद्धगडच्या जंगलात आला. वर भीमाशंकरचा डोंगर, खाली नारिवली-उचल्याचा परिसर. पण सगळं गाव पाठीशी असलं तरी खबर फुटायला एक माणूस पुरतो. मुक्कामाचा ठावठिकाणा पोलिसांना कळला. २ जानेवारीला पहाटे हॉल या इंग्रज अधिकाऱ्याच्या तुकडीने वेढा घातला आणि गोळीबार केला. कर्जत तालुक्यातील मानिवलीचे हिराजी पाटील आणि स्वतः भाई कोतवाल तिथेच धारातीर्थी पडले. भाईंचं वय होतं अवघं ३० वर्षांचं.

दस्ता का मोडला?

भाई गेले आणि दस्ता विखुरला. पुढाकार, ओळखी, आखणी सगळं एका माणसाभोवती होतं. तो गेल्यावर सूत्रं धरायला दुसरी फळी नव्हती. त्याच सुमारास साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं आणि १९४६ पर्यंत टिकलं. तिथे तुफान सेना होती, गावोगाव न्यायनिवाडा करणारी मंडळं होती. एक पुढारी दूर गेला तरी गावचं काम चालायचं. आझाद दस्त्याला असं जाळं विणायला पाच महिनेसुद्धा मिळाले नाहीत.

मात्र प्रश्न संपला नव्हता. जानेवारी १९४५ मध्ये जवळच्याच टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथून पुढे गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली तलासरी-डहाणूचे वारली वेठबिगारीविरुद्ध उठले. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला गोळीबारात ५ आदिवासी गेले. कसेल त्याची जमीन हे तत्त्व कुळकायद्यात येऊन १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन उजाडायला आणखी १२ वर्षं लागली.

आज

दादरला प्लाझा सिनेमासमोरचं वीर कोतवाल उद्यान रोज हजारो माणसं ओलांडतात. २०२० मध्ये ‘शहीद भाई कोतवाल’ हा मराठी चित्रपटही आला. सिद्धगडला जायचं तर मुरबाडहून नारिवलीच्या बाजूने जावं लागतं. हा भाग भीमाशंकर अभयारण्याचा आहे. स्मारक ओढ्याजवळ, झाडीत आहे.

२ जानेवारीच्या भाषणांत गोळ्यांचा आवाज दरवर्षी ऐकू येतो. धान्यकोठीचं नाव मात्र क्वचित निघतं. मनोरे पाडणं हे काही महिन्यांचं काम होतं. त्यासाठी लागणारा गावाचा विश्वास भाईंनी त्याआधी कित्येक पावसाळे भाताच्या मापाने कमावला होता.